क्वे की के की की?

क्यू, यू, ए, वाय. चार अक्षरांचा इंग्रजी शब्द, बंदरातल्या धक्क्याला म्हणतात तो, आणि आमच्या ऑफिसात त्याचे तीन उच्चार चालतात. डॉक्युमेंटेशनची पोरं म्हणतात क्वे. एक जण काही वर्षं अमेरिकेत राहून आलाय, तो म्हणतो के. आणि एक कॅप्टनसाहेब आहेत, अर्धं आयुष्य जहाजावर काढून आता सर्व्हेची कामं बघतात, ते म्हणतात की. म्हणजे चावीवाली की. बरं तिघेही एकमेकांचं बरोबर समजून घेतात, कुणाचा कंटेनर काही या उच्चारापायी अडकलेला नाही, पण नवीन लागलेल्या मुलाने मला विचारलं की ताई नक्की काय म्हणायचं, क्वे की के की की, आणि वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर तो स्वतःच हसायला लागला.

उत्तर आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना पुढचं वाचायचं नाही ते सुटतील. उच्चार 'की'. ब्रिटिश इंग्रजीत तर सरळ हाच, दुसरा नाहीच. अमेरिकन डिक्शनऱ्या मात्र की च्या पाठोपाठ के आणि क्वे पण देतात, त्यामुळे क्वे म्हणणाऱ्याला अगदीच अडाणी ठरवायची गरज नाही, पण इंटरव्ह्यूला शिपिंग कंपनीत जाणार असाल आणि समोर जुना मरिनर बसलेला असेल तर की म्हणा आणि मोकळे व्हा.

आता अर्थ. खरं सांगू का, उच्चारापेक्षा अर्थाचा घोळ जास्त मोठा आहे, फक्त तो कुणाला ऐकू येत नाही म्हणून चालून जातो. की म्हणजे काय विचारलं तर दहातले आठ जण म्हणतील जेटी. जेटी म्हणजे? पिअर. पिअर म्हणजे? व्हार्फ. आणि शेवटी सगळे मिळून डॉक! असं गोल गोल फिरून माणूस परत तिथेच. मराठीत आपण यातल्या बऱ्याच गोष्टींना सरसकट धक्का म्हणतो आणि आपलं काही अडत नाही. पण इंग्रजीत हे सगळे वेगळे आहेत, निदान होते.

की म्हणजे किनाऱ्याला समांतर बांधलेला धक्का. किनाऱ्याची ओबडधोबड कड काढून टाकायची, तिथे सरळ उभी भिंत बांधायची, भिंतीच्या मागे भराव टाकून जमीन सपाट करायची, मग जहाज येऊन त्या भिंतीला पोटाने लागतं. म्हणून त्याची लांबी महत्त्वाची. न्हावा शेव्याला कुठल्याही टर्मिनलची माहिती काढा, पहिल्या दोन-तीन आकड्यांत 'की लेंग्थ' असते. जेएनपीटीचं, म्हणजे तिथल्या पोर्ट ट्रस्टचं, स्वतःचं जे मूळ कंटेनर टर्मिनल होतं, त्याची 680 मीटर, शेजारच्या एनएसआयसीटीची 600, जीटीआयची 712, आणि मागाहून आलेल्या बीएमसीटीने पहिल्या टप्प्यातच 1000 मीटर बांधली. हे आकडे नुसते वाचले तर काही वाटत नाही, पण सगळ्यात मोठी कंटेनर जहाजं आता 400 मीटरची असतात (सुएझमध्ये आडवं झालेलं एव्हर गिव्हन आठवत असेल, ते त्याच मापाचं), म्हणजे 680 मीटरच्या धक्क्यावर अशी दोन जहाजं एका वेळी लागूच शकत नाहीत, एक लागलं की उरलेल्या जागेत छोटं काहीतरी. मग बाहेर अँकरेजला, म्हणजे समुद्रात नांगर टाकून, थांबा, मग आमचे फोन वाजायला सुरुवात.

जेटी आणि पिअर हे पाण्यात घुसतात. किनाऱ्याशी काटकोनात, बहुतेक वेळा खांबांवर. जेटी हा शब्द फ्रेंचमधल्या 'फेकणे' या क्रियापदावरून आलाय, म्हणजे समुद्रात पुढे फेकलेला बांध. उरणच्या मोऱ्याला ज्यांनी लाँच पकडली असेल त्यांना हे वेगळं समजवायला नको. ओहोटी लागली आणि गाळ उघडा पडला की लाँच जेटीला लागत नाही आणि माणसं पिशव्या घेऊन ताटकळत बसतात. खोल पाणी किनाऱ्यापाशी येत नसेल तर तुम्ही खोल पाण्याकडे जायचं, जेटी म्हणजे एवढंच. (मोऱ्याची जेटी तेवढीही लांब गेलेली नाही किंवा गाळ तेवढा काढला जात नाही, पण तो विषय काढला तर ही पोस्ट संपायची नाही.)

व्हार्फ हा त्यातला ढगळ शब्द. काही इंजिनियर लोक सांगतात की भरीव भिंत असेल तर की आणि खालून पाणी खेळत असेल, खांबांवर उभा असेल तर व्हार्फ. हे ऐकायला छान आहे पण प्रत्यक्षात कुणी पाळत नाही, खांबांवरच्या धक्क्यालाही बिनधास्त की म्हणतात. अमेरिकेत तर की हा शब्दच फारसा ऐकू येत नाही, ते व्हार्फ, पिअर, डॉक यावरच भागवतात. म्हणूनच बहुतेक त्यांच्याकडे उच्चार असा डळमळीत राहिला असावा, जो शब्द तोंडात येतच नाही तो माणूस स्पेलिंग बघूनच वाचणार ना.

आणि डॉक. जुन्या ब्रिटिश अर्थाने डॉक म्हणजे बांधकाम नाहीच, डॉक म्हणजे पाणी! चारी बाजूंनी बांधून काढलेला पाण्याचा हौद, ज्यात जहाज आत घ्यायचं. त्या हौदाच्या काठाला की. मराठीत याला गोदी हा पक्का शब्द आहे आणि मुंबईत तो इतका मुरलाय की गोदी कामगार म्हटलं की परळ-लालबागपर्यंत सगळ्यांना कळतं. ससून डॉक 1875 चं, प्रिन्सेस डॉक 1880 चं, मग व्हिक्टोरिया डॉक, जिथे 14 एप्रिल 1944 ला फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला, आणि 1914 चं अलेक्झांड्रा डॉक, ज्याला आता इंदिरा डॉक म्हणतात. इंदिरा डॉकला दरवाजे आहेत, बाहेर भरती असो ओहोटी असो आतलं पाणी धरून ठेवता येतं. तर डॉक म्हणजे हे. बर्थ म्हणजे एका जहाजाला लागायची नेमून दिलेली जागा. एका की वर अनेक बर्थ. झालं. इतकंच आहे हो, पण आमच्याकडे मेलमध्ये 'व्हेसल अराइव्ह्ड अॅट जेटी' असं कंटेनर जहाजाबद्दल लिहिणारे लोक आहेत आणि समोरच्याला ते कळतं पण, म्हणून मी गप्प बसते.

मुंबईतला सगळ्यात प्रसिद्ध धक्का म्हणजे अर्थातच भाऊचा धक्का. लक्ष्मण अजिंक्य, ज्यांना लोक भाऊ म्हणायचे, त्यांच्यावरून एकोणिसाव्या शतकापासून नाव चालत आलंय, आणि सरकारी इंग्रजीत त्याचं नाव काय तर फेरी व्हार्फ. भाऊ गायब! मुंबईच्या इंग्रजांनी की हा शब्द इथे फारसा लावलेलाच दिसत नाही. त्यांनी बंदर उचलला, फारसीतून आपल्याकडे आलेला, आणि तो जसाच्या तसा इंग्रजीत 'बंडर' म्हणून वापरला. अपोलो बंडर, मस्जिद बंडर, कर्नाक बंडर. अपोलो बंडर म्हणजे आपलं पालवा बंदर. त्यामुळे मुंबईच्या माणसाला हा शब्द रस्त्यावरच्या पाटीवर भेटतच नाही, तो थेट कागदावर भेटतो, आणि कागद काही उच्चार सांगत नाही.

बरं आता मूळ प्रश्न, की क्यू-यू-ए-वाय चं 'की' होतंच कसं.

आपल्या डोक्यात इंग्रजी स्पेलिंगबद्दल एक गोष्ट फिट बसलेली असते. जुन्या काळी जसं लिहायचे तसं बोलायचे, मग उच्चार बदलत गेले आणि स्पेलिंग तिथेच गोठलं. नाइट मधला जी-एच, नाइफ मधला के, हे एकेकाळी खरोखर उच्चारले जायचे. हे बरोबरच आहे. आणि बंदरातल्या, जहाजावरच्या शब्दांत तर हे फारच. लिहायचं बोट्स्वेन (खलाशांचा मुकादम) आणि म्हणायचं बोसन. लिहायचं फोरकासल, म्हणायचं फोक्सल. गनवेल लिहून गनल. खलाशांनी वर्षानुवर्षं तोंडात घोळवून शब्द झिजवले. (बोसनला आपल्या कोकणातले जुने खलाशी सारंग म्हणायचे, त्याच्या हाताखाली टांडेल. त्यांना बोट्स्वेन उच्चारायची वेळच आली नाही, सुटले.)

पण क्यू-यू-ए-वाय ची गोष्ट याच्या बरोब्बर उलटी आहे आणि म्हणूनच मला ती लिहावीशी वाटली. इथे उच्चार जुना आहे आणि स्पेलिंग नंतर आलंय.

हा शब्द इंग्रजीत साधारण 1300 च्या आसपास आला, उत्तर फ्रान्सच्या बोलीतून. फ्रेंचमध्ये तो त्याच्याही आधीच्या गॉल लोकांच्या केल्टिक भाषेतून आलेला, मूळ अर्थ कुंपण, वेढून घेणे असा काहीतरी. वेल्श भाषेत त्याचा चुलतभाऊ अजून जिवंत आहे, कुंपण घातलेल्या शेताला ते जो शब्द वापरतात, त्याचा उच्चार जवळपास आपल्या 'काय' सारखा होतो. तर इंग्रजीत आल्यावर लोक तो साधासुधा लिहायचे, के-ई-वाय किंवा के-ए-वाय, ऐकू येईल तसा. कुणाला काही त्रास नव्हता. 1559 मध्ये पहिल्या एलिझाबेथच्या काळात कायदा झाला की लंडनमध्ये आलेला माल ठरवून दिलेल्या धक्क्यांवरच उतरवायचा, लंडन ब्रिज आणि टॉवरच्या मधल्या पट्ट्यात, म्हणजे कस्टम्सला लक्ष ठेवता येईल आणि ड्युटी बुडणार नाही. त्यांना लीगल कीज म्हणायचे. (कस्टम्स नोटिफाइड एरिया! साडेचारशे वर्षांत धंदा तोच आहे.) तेव्हा आजचं स्पेलिंग रूढ झालेलं नव्हतं.

मग सतराव्या शतकाच्या शेवटी शेवटी इंग्रजांना वाटायला लागलं की फ्रेंच लोक हा शब्द क्यू-यू-ए-आय असा लिहितात, ते कसं भारदस्त दिसतं. झालं, हळूहळू क्यू-यू घुसलं, शेवटी वाय लागला आणि क्यू-यू-ए-वाय तयार. लिहिणाऱ्यांनी लिहिलं. पण धक्क्यावर पोती वाहणारा हमाल काही स्पेलिंग बघून बोलत नव्हता, तो बापजाद्यांपासून जे म्हणत आला तेच म्हणत राहिला. म्हणजे कॅप्टनसाहेब जे म्हणतात ते हमालाचं इंग्रजी आहे आणि पोरं जे म्हणतात ते कारकुनाचं. क्यू-यू तिथे शोभेला आहे.

असे नटवलेले शब्द इंग्रजीत अजून आहेत. डेट म्हणजे कर्ज, त्यातला बी. हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी नव्हताच, नंतर पंडितांना आठवलं की लॅटिनमध्ये इथे बी असतो, घातला. डाउट चा बी तसाच. रिसीट मधला पी तसाच. आयलंड मधला एस तर चक्क चुकून घातलेला, आइल या वेगळ्या शब्दाशी नातं असेल असं समजून, प्रत्यक्षात दोघांचं मूळच वेगळं. आणि व्हिक्चुअल्स असा दिसणारा एक शब्द आहे, जहाजावरचा शिधा, त्याचा उच्चार विटल्स, त्यातला सी पण लॅटिनच्या हौसेपायी. शाळेत या सायलेंट अक्षरांपायी आपण पट्ट्या खाल्ल्या आणि ती बिचारी कधी बोलकी नव्हतीच.

एक गोष्ट मात्र सरळ नाहीये. उच्चार जुना म्हटलं तरी तो अगदी सुरुवातीपासून आजच्यासारखा 'की' नव्हता. आधी तो 'के' च्या जवळ होता. आणि गंमत म्हणजे चावीवाली की सुद्धा आधी 'के' होती! साधारण 1700 च्या सुमारास उत्तर इंग्लंडकडचा 'की' हा उच्चार सगळीकडे पसरला आणि चावी बदलली, तिच्यामागे धक्का बदलला. पण धक्का जरा सावकाश. इंग्रज कवी टेनिसनच्या 1850 च्या इन मेमोरियम मध्ये एक कडवं आहे, त्यात तो या शब्दाचं यमक 'टुडे' शी जुळवतो. म्हणजे कवितेपुरता का होईना, 'के' तेव्हाही चालत होता. आमच्या अमेरिका रिटर्न मित्राला हे सांगितल्यापासून तो फारच खूश आहे, आता म्हणतो माझा उच्चार क्लासिकल आहे.

इथे कुणीतरी कमेंट टाकणारच की आपली मराठी बघा, जसं लिहितो तसं बोलतो. थांबा जरा. 'चार' आणि 'चारा' मोठ्याने म्हणा, च तोच आहे का? जग म्हणजे दुनिया आणि 'सुखाने जग' मधलं जग, अक्षरं तीच, ज वेगळे. सिंह लिहितो आणि सिंव्ह म्हणतो. बाहेरच्या माणसाला मराठी शिकवायला बसा म्हणजे कळेल. ऑफिसातल्या एका तमिळ मैत्रिणीला मी च समजवायला गेले होते, तिने वही मिटली आणि चहा घ्यायला गेली. आणि चहाचा च पुन्हा वेगळा.

जगात फिरताना हा शब्द बराच भेटतो. सिंगापूरला जाणारी आपली मंडळी संध्याकाळी हमखास क्लार्क की आणि बोट की ला जातात, आणि तिथून आलेल्या फोटोंखाली व्हॉट्सअॅपवर 'क्लार्क क्वे' लिहितात. टॅक्सीवाल्याला की सांगा. सिडनीत ऑपेरा हाउसच्या बाजूला जिथे फेरी बोटी लागतात ते सर्क्युलर की. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर अगाथा ख्रिस्तीचं जन्मगाव, तिचे मराठी अनुवाद वाचलेल्यांना आठवत असेल, त्याचं नाव टॉर्की. स्पेलिंग बघून टॉर्क्वे म्हणायचा मोह होतो. कॉर्नवॉलमधलं सर्फिंगवाल्यांचं न्यूकी, तेही याच घराण्यातलं.

फ्रेंच मात्र अजून 'के' च म्हणतात. पॅरिसमध्ये सीन नदीच्या काठचा के दोर्से, तिथे त्यांचं परराष्ट्र मंत्रालय आहे म्हणून बातम्यांत त्या मंत्रालयालाच के दोर्से म्हणायची पद्धत आहे, आपण मंत्रालय म्हटल्यावर नरिमन पॉइंट डोळ्यासमोर येतं तसं काहीसं. आणि फ्रेंचमध्ये रेल्वे प्लॅटफॉर्मलाही हाच शब्द! विचार केला तर बरोबरच आहे, सरळ कड, बाजूला गाडी येऊन लागते, माल आणि माणसं उतरतात. पोर्तुगीज म्हणतात काइश, लिस्बनमध्ये त्या नावाचं स्टेशनच आहे, काइश दो सोद्रे.

आणि एक फसवा नातेवाईक. फ्लोरिडाच्या खाली ती बेटांची रांग आहे, की वेस्ट, की लार्गो वगैरे. त्या 'की' चा ना चावीशी संबंध ना धक्क्याशी. तो स्पॅनिश 'कायो' वरून, म्हणजे समुद्रातलं बुटकं बेट, आणि स्पॅनिशने तो घेतला कॅरिबियन बेटांवरच्या टाइनो लोकांच्या भाषेतून. इंग्रज खलाशी तिथे पोचले, त्यांना ओळखीचा शब्द वाटला आणि त्यांनी तो के-ई-वाय असा लिहून टाकला. की वेस्टचं स्पॅनिश नाव तर कायो वेसो, हाडांचं बेट. वेसो चं वेस्ट झालं. तिथे पश्चिमेचा काही हात नाही.

राहिलं आमचं ऑफिस. तिथे 'की' बोलण्यातली खरी अडचण इंग्रजी नाहीच, मराठी आहे. 'बॉक्स अजून कीवर आहे की यार्डात गेला' हे फोनवर बोलून बघा, तेही मागे ट्रेलरचा हॉर्न वाजत असताना. म्हणून गेटवरची, यार्डातली माणसं हा शब्द मुळात घेतच नाहीत. ती म्हणतात धक्क्यावर, नाहीतर बर्थला. धक्क्यावरच्या त्या अवाढव्य क्रेनना सगळे क्यूसी म्हणतात, क्यू म्हणजे काय हे विचारायला कुणाला वेळ आहे.

कॉन्ट्रॅक्टच्या भाषेतून तर तो जवळपास निघूनच गेला. इन्कोटर्म्समध्ये (परदेशी व्यापारात माल कुणी कुठपर्यंत पोचवायचा याच्या ठरीव अटी) आधी 'एक्स की' अशी अट असायची, नंतर तिचं डीईक्यू झालं, डिलिव्हर्ड एक्स की, म्हणजे विकणाऱ्याने माल तिकडच्या धक्क्यावर उतरवून द्यायचा. इन्कोटर्म्स 2010 आले आणि त्यांनी डीईक्यू काढून डीएटी आणलं, त्यात की च्या जागी टर्मिनल. मग 2020 मध्ये टर्मिनलही गेलं, आता डीपीयू, डिलिव्हर्ड अॅट प्लेस अनलोडेड. नवीन मुलाने डीईक्यू बघितलेलं पण नाही. त्याला मी की सांगितलंय. तो अजून क्वे च म्हणतो, फक्त कॅप्टनसाहेब जवळपास असतील तर बर्थ म्हणतो.